चाकांवरचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ अशी आपल्या भाषेत एक जुनी म्हण आहे. ज्याला एका ठिकाणी स्थिर राहता येत नाही, ज्याचा संसार सदैव त्याच्याबरोबर हिंडतो, अशा मनुष्याविषयी बोलताना ती वापरतात. मनुष्याची पाठ लहान आणि त्याच्या गरजा पुष्कळ. म्हणून त्याने आपले बिऱ्हाड कधी घोड्याच्या पाठीवर लादले, कधी बैलगाडीत भरले आणि अलीकडे तर ते मोटारीत थाटले. वाहन कोणतेही असो, फिरत्या घरापुढे एक प्रश्न नेहमी उभा असतो: बरोबर काय घ्यावयाचे आणि मागे काय ठेवावयाचे? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधताच फिरत्या घराची सारी विद्या तयार झाली आहे.

कोल्हापूरच्या परिसरात ही विद्या नवी नाही. पावसाळा सरून दिवाळी झाली, की मेंढपाळ धनगरांचे कळप चाऱ्याच्या शोधात गाव सोडतात. त्यांतील काही सह्याद्रीचे घाट उतरून कोकणात जातात. कळपाबरोबर घोडी असतात आणि त्यांच्या पाठीवर सारा संसार असतो: स्वयंपाकाची भांडी, धान्याची पोती, पालाचे कापड, मेंढ्या रात्री कोंडण्याची जाळी, म्हणजे वाघर. नुकती जन्मलेली कोकरेही कित्येकदा याच ओझ्यावर बसून प्रवास करतात. या संसारात शोभेची वस्तू सापडावयाची नाही. मात्र घोंगडी असते. पाऊस आला की तिची खोळ होते, रात्री ती अंथरूण-पांघरूण होते, पाहुणा आला तर बैठक होते. एका वस्तूने तीन-चार वस्तूंचे काम करावे, हा फिरत्या घराचा पहिला नियम घोंगडीने केव्हाच सिद्ध केला आहे.

निव्वळ हौसेसाठी फिरते घर बांधण्याची कल्पना मात्र पुष्कळ अलीकडची. इंग्लंडमध्ये गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक गृहस्थ होते. आरमारात डॉक्टर म्हणून त्यांनी नोकरी केली होती आणि पुढे मुलांसाठी त्यांनी अनेक पुस्तके लिहिली. १८८५ साली त्यांनी घोड्यांनी ओढावयाची एक घरगाडी मुद्दाम बांधून घेतली आणि तिचे नाव ठेवले ‘वाँडरर’, म्हणजे भटकी. ही गाडी १८ फूट लांब आणि वजनाने सुमारे दोन टन होती. ती घेऊन त्यांनी इंग्लंडपासून स्कॉटलंडच्या उत्तर भागापर्यंत प्रवास केला. पुढे घोडे गेले आणि इंजिन आले. दुसऱ्या वाहनाने ओढावयाच्या घरगाडीला कॅरव्हॅन म्हणतात. ज्या मोटारीतच घर केलेले असते तिला मोटारघर म्हणता येईल. बोलताना मात्र लोक दोहोंनाही कॅरव्हॅनच म्हणतात. १९५१ साली जर्मनीतील वेस्टफालिया या कारखान्याने फोक्सवॅगनच्या लहान गाडीत बसविता येईल असे सामान तयार केले. ते बसविले की गाडीचे घर होई आणि काढून ठेवले की तीच गाडी पुन्हा रोजच्या कामाला लागे. २०२१ साली महाराष्ट्र शासनानेही कॅरव्हॅन पर्यटनाविषयीचे आपले धोरण जाहीर केले.

आता अशी कल्पना करू, की कोल्हापुरातील एका कुटुंबाने आपल्या लहानशा व्हॅनचे घर करावयाचे ठरविले आहे. घरात चार माणसे: आई, वडील आणि दोन मुले. शिवाजी उद्यमनगरात सुतार, वेल्डर, विजेचे काम करणारे, पत्रा वाकविणारे असे सर्व कारागीर हाकेच्या अंतरावर आहेत. परंतु कारागीर कितीही कुशल असला, तरी ‘तुम्हांला काय हवे?’ हे त्याने विचारल्यावर उत्तर घरच्यांनीच द्यावयाचे असते. आणि काम तेथेच अडते. आईला ओटा हवा असतो, वडिलांना आरामात पाय पसरता येईल असा पलंग हवा असतो, मुलांना पुस्तकांचे कपाट आणि क्रिकेटची बॅट ठेवण्यास जागा हवी असते.

अशा वेळी हट्टापेक्षा हिशेब उपयोगी पडतो. गाडीच्या मागील भागाची लांबी ३ मीटर आणि रुंदी १.६ मीटर आहे असे धरू. म्हणजे एकूण जागा झाली ४.८ चौरस मीटर. दोन माणसांच्या पलंगाला १.९ मीटर लांबी आणि १.२ मीटर रुंदी लागते, त्याने २.२८ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ निम्मी जागा व्यापली. मग चौघांनी बसावयाचे कोठे? म्हणून पलंग कायमचा न करता समोरासमोर दोन बाके करतात. मध्ये घडीचे मेज असते. रात्री मेजाची फळी खाली उतरवून बाकांच्या पातळीवर टेकविली आणि वर गाद्या पसरल्या, की पलंग तयार होतो. बाकांच्या पोटात सामानाचे पेटारे निघतात. मुलांसाठी वर दुमडता येणारी झोळीवजा फळी बसविता येते. दिवसा तीच जागा बैठकीची, दुपारी जेवणाची, सायंकाळी अभ्यासाची आणि रात्री झोपण्याची. मात्र गाडी चालू असताना प्रत्येकाने पट्टा असलेल्या आसनावरच बसले पाहिजे.

जागेनंतर वजनाचा प्रश्न येतो. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ११ ते १२ किलो भरते. ९ मिलिमीटरचे त्याच्या निम्मे. म्हणून जेथे भार सोसावयाचा नाही तेथे पातळ फळी वापरणे शहाणपणाचे. पाण्याचा हिशेब तर अगदी सोपा आहे: एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. माणशी दररोज १० लिटर धरले, तर चौघांना ४० लिटर लागतात. दोन दिवसांचे पाणी म्हणजे ८० किलो, एका प्रौढ माणसाहूनही अधिक! घरी नळ मोकळा सोडून दात घासणाऱ्या मुलाला पाण्याचे खरे वजन अशा गाडीतच कळते.

वजन किती आहे याइतकेच ते कोठे आहे हेही महत्त्वाचे असते. बैलगाडी हाकणाऱ्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. ओझे मागे फार झाले तर गाडी उलाळ होते, म्हणजे तिची पुढची बाजू वर उचलली जाते. पुढे फार झाले तर बैलांच्या मानेवर भार पडतो. मोटारीलाही हाच न्याय लागू आहे. पाण्याची टाकी आणि बॅटरी यांसारख्या जड वस्तू शक्य तितक्या खाली, दोन्ही चाकांच्या जोड्यांच्या मध्ये आणि उजव्या-डाव्या बाजूंचा तोल साधून ठेवाव्या लागतात. जड पेट्या टपावर लादून कोणी आंबा घाट किंवा गगनबावड्याचा घाट उतरू लागला, तर प्रत्येक वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते. वाहन अचानक थांबले, तरी आतील वस्तू आपल्या मूळ वेगाने पुढेच जाऊ पाहते, हे विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेले असतेच. म्हणून मोटारघरातील प्रत्येक कपाटाला कडी, प्रत्येक मांडणीला पुढे आडवी पट्टी आणि प्रत्येक जड पेटीला पट्टा असावा लागतो. घरात निरुपद्रवी वाटणारा कुकर सुटून पुढे आला, तर कपाळमोक्ष व्हावयाला वेळ लागत नाही.

वीज वापरताना तर जपूनच वागावे लागते. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे १२०० वॅट-तास वीज साठवते. बॅटरी शिशाची असेल, तर ती टिकावी म्हणून साधारणपणे निम्मीच, म्हणजे ६०० वॅट-तास वीज वापरतात. पाच वॅटचे चार दिवे पाच तास लावले तर १०० वॅट-तास खर्च होतात. वीस वॅटचा पंखा रात्रभर, आठ तास चालला तर १६०. म्हणजे दिवे आणि पंखा यांवर दोन रात्री सुखाने निघतील. परंतु त्याच बॅटरीवर १५०० वॅटची विजेची शेगडी लावली, तर ही सारी शिल्लक २४ मिनिटांत संपून जाईल. म्हणून अशा छोट्या गाडीत स्वयंपाक बहुधा गॅसवर करतात.

आणि येथेच सर्वांत मोठी सावधगिरी हवी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर वर न जाता जमिनीलगत साचतो आणि एका ठिणगीने भडका उडतो. म्हणून सिलिंडरच्या खणाला तळाशी थेट बाहेर उघडणारे छिद्र ठेवतात आणि त्या खणात विजेची तार नेत नाहीत. दुसरा धोका याहून कपटी आहे. बंद जागेत कोळसा, लाकूड किंवा गॅस अपुऱ्या हवेत जळला, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला मनुष्य त्याने झोपेतच मरण पावतो. म्हणून थंडी कितीही असली, तरी शेगडी पेटती ठेवून गाडीत कधीही झोपू नये. एक झरोका खाली आणि एक छताजवळ असला, की थंड हवा खालून आत येते आणि उबदार, दमट हवा वरून निघून जाते. हे झरोके पावसातही उघडे ठेवता येतील असे असावेत. कारण झोपलेल्या चार माणसांच्या श्वासातील बाष्पाने रात्रीतून पत्र्याला आतून पाणी सुटते आणि अंथरुणे ओली होतात. पत्र्याच्या आत लोकरीसारख्या पदार्थाचा थर दिला, तर त्यात अडकलेली हवा उन्हाळ्यात उष्णता आणि हिवाळ्यात गारवा अडविते. घोंगडी ऊब देते ती याच कारणाने.

गाडी आपल्या मालकीची असली, तरी तीत वाटेल तो बदल करण्याची मुभा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार वाहनाच्या नोंदणीपत्रातील मूळ तपशील बदलेल असा फेरफार मनमानेल तसा करता येत नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात चौकशी करणे इष्ट. रस्ता सर्वांचा आहे. एकाच्या हौसेने दुसऱ्याच्या जिवाला धोका पोहोचता कामा नये.

इतके सर्व करून ते कुटुंब दाजीपूरच्या वाटेने निघाले, की एक गंमत त्याच्या ध्यानात येईल. घरून निघताना ‘हे लागेल, तेही लागेल’ म्हणून भरलेल्या वस्तूंपैकी पुष्कळशा वस्तूंना परत येईपर्यंत हातही लागलेला नसतो. पुढच्या प्रवासात त्या मागे राहतात. असे दोन-तीन प्रवास झाले, की गाडी हलकी होते, आणि तिच्याबरोबर मनावरचे ओझेही थोडे हलके होते. आपल्या खऱ्या गरजा किती थोड्या आहेत, हे कोणी सांगून पटत नाही. ते असे अनुभवानेच पटते.

परंतु फिरते घर सर्वांनाच हौसेने मिळते असे नाही. दिवाळीच्या सुमारास याच कोल्हापूर जिल्ह्याच्या रस्त्यांवर बीडसारख्या दुष्काळी भागांतून ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे येऊ लागतात. कोणी ट्रकमधून येतात, कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, कोणी बैलगाडीतून. पिठाचा डबा, चूल, पांघरुणे, कोयते, कोंबड्या आणि त्या साऱ्यांच्या मध्ये बसलेली लहान मुले! कारखान्याजवळच्या मोकळ्या माळावर बांबू आणि चटया यांची कोपी उभी राहते आणि हंगाम संपेपर्यंत तेच त्यांचे घर. जागेची काटकसर, एका वस्तूचे अनेक उपयोग, सामानाची चोख बांधाबांध हे सारे या कुटुंबांनाही येते. ते त्यांना गरजेने शिकविले आहे. हौशी प्रवाशाचे पक्के घर मागे त्याची वाट पाहत असते. सुट्टी संपली, की त्याची मुले आपल्या वर्गात आपल्या बाकावर जाऊन बसतात. ऊसतोडणीला आलेल्या मुलांची शाळा मात्र ऐन वर्षाच्या मध्यावर गावी राहून जाते.

अशा मुलांसाठी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालविण्याचे प्रयत्न झाले आहेत, आणि मुलांना गावीच ठेवून शिकविता यावे म्हणून वसतिगृहेही निघाली आहेत. हे काम अजून पुरे झालेले नाही. जो शहाणा आहे तो फिरत्या घरात मोजकेच सामान घेतो आणि बाकीचे आनंदाने मागे ठेवतो. परंतु मागे ठेवू नयेत अशाही काही वस्तू असतात. गाडीत चूल मावते, अंथरूण मावते, पाण्याची घागरही मावते. शाळा तेवढी मावत नाही. म्हणून ज्यांचे बिऱ्हाड चाकांवर आहे, त्यांच्या वाटेवर शाळेनेच जाऊन उभे राहिले पाहिजे.