के. रामानुजम यांची रेखाटने : चित्रातील 'मी'

आत्मचरित्रात 'मी' हे सर्वनाम निवेदकाची ओळख पटवते. चित्राजवळ असे सर्वनाम नसते. मग चित्रकाराची खासगी चिंता प्रेक्षकापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचते? या प्रश्नासंदर्भात चेन्नईजवळील चोळमंडल कलाग्रामातील के. रामानुजम (१९४०–१९७३) यांची रेखाटने विचारात घेण्याजोगी आहेत. मद्रासच्या शासकीय कला महाविद्यालयात ते के. सी. एस. पणिक्कर यांचे विद्यार्थी होते. पणिक्करांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये स्थापन झालेल्या चोळमंडलात ते राहिले, मानसिक आजाराशी झगडले आणि १९७३ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

त्यांच्या शाईच्या रेखाटनांत प्रासाद, सर्प, अद्भुत प्राणी आणि स्त्रिया दाटीने येतात. त्यांच्यात वावरणारी हॅटधारी पुरुषाकृती ही चित्रकाराची आत्मप्रतिमा मानली जाते. सर्वनामाचे कार्य येथे ही आकृती करते. प्रत्यक्षात दुरावलेले वैभव तिला चित्रात लाभते. अस्वस्थता मात्र मोकळी जागा न सोडणाऱ्या रेषेत उरते. म्हणजे इच्छा आशयात आणि चिंता रचनेत, अशी ही विभागणी होय.

पणिक्करांनी १९६३ पासूनच्या 'शब्द आणि प्रतीके' या मालिकेत लिपीसदृश खुणा घेतल्या, परंतु त्यांचे वाचन होऊ दिले नाही. शिष्याने याउलट लिपीवाचून कथन साधले.

म्हणूनच चित्रकाराच्या मृत्यूवरून प्रत्येक चित्राचा अर्थ लावणे अन्यायाचे ठरते. निदान आजाराचे होते; चित्राचे वाचनच करावे लागते. दाट रेषांचे हे संयत विणकाम चिंतेला शरण गेलेल्या हाताचे नव्हे, तिला आकार देणाऱ्या हाताचे आहे.