आवाज वाढवा, खरखर नको

जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावाची ओळख दोन गोष्टींनी होते. पहिली तमाशा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या या गावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी जत्रेची सुपारी द्यायला येतात. दुसरी, गावाच्या पूर्वेला खोडदच्या माळावर पसरलेली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण. फडाला ढोलकी-तुणतुण्याचा आवाज जत्रेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा असतो. दुर्बिणीला अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला संकेत मोजता येईल इतका मोठा करायचा असतो. दोघांचंही काम अ‍ॅम्प्लिफायरवाचून होत नाही आणि दोघांचा शत्रूही एकच: खरखर.

गिटारसाठी घरच्या घरी अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्या पोरांनाही पहिल्याच दिवशी हाच शत्रू भेटतो. आवाज येतो, पण त्याच्यासोबत घरघरही येते. मग आवाज आणखी वाढवला जातो आणि घरघर तितकीच वाढते. अ‍ॅम्प्लिफायरला सूर आणि खरखर यांतला फरक कळत नाही. शेतात खत टाकलं की ते पिकालाही लागू पडतं आणि तणालाही, तसंच हे. म्हणून तण आधी काढायचं असतं.

तारेतून वीज

इलेक्ट्रिक गिटारमध्ये माइक नसतो, पिकअप असतो. लोहचुंबकाभोवती केसाइतक्या बारीक, सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे पाच ते दहा हजार वेढे, एवढंच त्याचं स्वरूप. चुंबकामुळे वरची पोलादी तारही किंचित चुंबकित होते. ती थरथरली की वेढ्यांमधलं चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होतं आणि त्यातून वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये शोधलेला हाच नियम आपल्या विहिरीवरच्या मोटारीमागेही आहे. जॉर्ज बोशां आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अशा पिकअपची गिटार बाजारात आणली.

आपल्याकडे हे तंत्र गिटारपेक्षा बेंजोमुळे जास्त घरोघरी पोचलं. बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. जपानमधल्या नागोयात गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये तयार केलेल्या तैशोगोतो या वाद्याचा हा भारतीय अवतार. वरातीत आणि मिरवणुकीत वाजणाऱ्या बेंजोच्या तारांखाली पिकअप बसवलेला असतो. जुन्नरपासून मंचर-घोडेगावापर्यंत ज्याने वरात पाहिली आहे, त्याने हे तंत्र ऐकलेलं आहे.

पिकअपमधून निघणारा संकेत साधारण ०.१ ते ०.२ व्होल्टचा असतो. स्पीकर हलवण्याइतकी ताकद त्यात नसते. घरी बांधणारे बहुतेक जण त्यासाठी एलएम ३८६ ही आठ पायांची स्वस्त आयसी वापरतात. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ती सहज मिळते. तिला ९ व्होल्टची बॅटरी, दोन-तीन कंडेन्सर आणि ८ ओहमचा स्पीकर जोडला की अर्ध्या वॉटच्या आसपासचा अ‍ॅम्प्लिफायर तयार होतो. ही आयसी मुळात संकेत २० पट मोठा करते. तिच्या १ आणि ८ क्रमांकाच्या पायांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टाकला, की २०० पट.

एवढ्यावर थांबणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. आवाज दबका येतो आणि वरचे सूर उमटत नाहीत. दोष आयसीचा नसतो, जोडणीचा असतो. हजारो वेढ्यांची कॉइल जलद बदलणाऱ्या विजेला जास्त विरोध करते. ३ हेन्रीच्या पिकअपचा विरोध ३००० हर्ट्झला ५६ हजार ओहमपर्यंत जातो. एलएम ३८६ च्या तोंडाशी फक्त ५० हजार ओहमचा रोध असतो. त्यामुळे वरच्या सुरांचा मोठा हिस्सा पिकअपमध्येच खर्ची पडतो. उपाय साधा आहे. मध्ये टीएल ०७२ सारख्या आयसीचा एक टप्पा घालायचा, त्याच्या तोंडाशी १० लाख ओहमचा रोध ठेवायचा आणि त्यातच संकेत दहा पट वाढवायचा. पुढे व्हॉल्यूमचं बटण आणि मग एलएम ३८६. हे बटण जास्त पिळलं की लहरींची टोकं कापली जातात आणि आवाज फाटतो. रॉक वाजवणाऱ्यांना नेमका तोच फाटका आवाज हवा असतो, हा भाग वेगळा.

पहिल्या टप्प्याचं गणित

संकेत आधी वाढवायचा आणि ताकद नंतर द्यायची, यामागे पक्कं गणित आहे. बेल प्रयोगशाळेतल्या हॅराल्ड फ्रीस यांनी ते १९४४ मध्ये मांडलं. अ‍ॅम्प्लिफायरचा प्रत्येक टप्पा स्वतःची थोडी खरखर घालतो. पहिल्या टप्प्याने संकेताची शक्ती १०० पट वाढवली, तर दुसऱ्याच्या खरखरीचा परिणाम शंभराव्या हिश्श्यावर येतो. पहिल्याची खरखर मात्र शेवटपर्यंत सोबत राहते. म्हणून पैसा आणि डोकं पहिल्या टप्प्यावर खर्च करावं.

याच फ्रीस यांच्या हाताखाली कार्ल जान्स्की काम करत होते. समुद्रापारच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते, हे शोधायचं काम त्यांच्याकडे होतं. १९३३ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की त्यातली एक खरखर थेट आकाशगंगेच्या मध्याकडून येते आहे. रेडिओ खगोलशास्त्र तिथून सुरू झालं.

ते भारतात रुजवलं गोविंद स्वरूप यांनी, आणि तेही हाताशी असेल त्यातून. ऑस्ट्रेलियाकडून मिळालेल्या ३२ लहान तबकड्यांतून १९६५ मध्ये कल्याणला देशातली पहिली रेडिओ दुर्बीण उभी राहिली. १९७० मध्ये उटीची झाली आणि १९९० च्या दशकात खोडदची. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यातल्या १४ मध्यभागी दाटीने उभ्या आहेत, उरलेल्या १६ तीन दिशांना पसरल्या आहेत. भरीव पत्र्याऐवजी पोलादी दोरांवर ताणलेली बारीक तारेची जाळी वापरल्यामुळे वजन आणि खर्च दोन्ही घटले. रिसीव्हरचे बहुतेक भाग पुण्याच्या एनसीआरए या संस्थेच्या अभियंत्यांनी बनवले, १४२० मेगाहर्ट्झचा बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेने.

इथलं आव्हान गिटारच्या कितीतरी पट मोठं आहे. १० हजार ओहमच्या पिकअपमध्ये निव्वळ उष्णतेमुळे उठणारी खरखर २ मायक्रोव्होल्टच्या आत असते, म्हणजे संकेताच्या पन्नास हजारांश. खोडदला चित्र उलटं आहे. खगोलशास्त्रज्ञ खरखर केल्व्हिनमध्ये, म्हणजे तापमानाच्या एककात, मोजतात आणि स्रोताचं तेज जान्स्कींच्याच नावाच्या एककात. १ जान्स्की तेजाच्या स्रोताने एका अँटेनात साधारण एक तृतीयांश केल्व्हिनची भर पडते, तर एकूण खरखर शंभरेक केल्व्हिनची असते. संकेत खरखरीच्या तीनशेव्या हिश्श्याइतका! म्हणून पहिला अ‍ॅम्प्लिफायर थेट तबकडीच्या नाभीवर बसवलेला आहे, लांब केबलमध्ये काही गमावण्याआधी. काही गिटारांमध्ये पहिला टप्पा गिटारच्या पोटातच बसवतात, त्याचं कारणही हेच.

जोडीने ऐकण्याची युक्ती

गिटारला जास्त छळते ती घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर. पिकअपची कॉइल ती अँटेनासारखी पकडते. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये तोड काढली: शेजारी-शेजारी दोन कॉइल, वेढे उलट आणि चुंबकही उलटे. तारेचा संकेत दोन्हींत बेरजेने येतो. बाहेरची घरघर मात्र एकीत अधिक आणि दुसरीत उणे होऊन कटते.

खोडदला हीच युक्ती उलट्या अंगाने चालते. प्रत्येक अँटेनाच्या अ‍ॅम्प्लिफायरची खरखर वेगळी असते, आकाशातला संकेत मात्र सर्वांत सारखा असतो. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीत जे समान आहे, ते राखून ठेवलं जातं. ज्याचं त्याचं वेगळं आहे, ते सरासरीत विरत जातं. पिकअपमध्ये समान असेल ते टाकायचं, दुर्बिणीत समान असेल ते ठेवायचं.

बाहेरून येणारी खरखर मात्र गणिताने पूर्ण जात नाही. जुना टू-जी मोबाइल अ‍ॅम्प्लिफायरजवळ ठेवला की स्पीकरमधून टर्र-टर्र येते. खोडदच्या आवारात पाहुण्यांना मोबाइल बंद ठेवायला लावतात, ते याच कारणाने.

घरी करून पाहा

प्रयोगासाठी गिटारच हवी असं नाही. तुणतुणंही चालेल. आधी त्याच्या तारेला लोहचुंबक लावून पाहा. चिकटलं तर तार पोलादी आहे, पिकअप चालेल. पितळेची असेल तर चालणार नाही. जुन्या रिलेची कॉइल आणि छोटं चुंबक तारेजवळ धरा आणि शिल्डेड वायरने अ‍ॅम्प्लिफायरला जोडा. डबा धातूचा घ्या आणि तो सर्किटच्या निगेटिव्हला जोडा. सोल्डरचा टाका चकचकीत दिसला पाहिजे. मंद आणि खडबडीत टाका म्हणजे हमखास खरखर.

एक ताकीद मात्र गंभीरपणे घ्यावी. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तीन-चारशे व्होल्ट खेळतात. स्विच बंद केल्यावरही त्याचे कंडेन्सर जीवघेणा झटका देऊ शकतात. शिकाऊ हातांनी ९ व्होल्टच्या बॅटरीपलीकडे जाऊ नये.

दर वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, खोडदची दुर्बीण लोकांसाठी खुली होते आणि शाळांची प्रदर्शनं भरतात. जुन्नर-आंबेगावच्या शाळांनी तिथे एखादं विजेवर वाजणारं तुणतुणं जरूर न्यावं. पहिल्या टप्प्याची खरखर कशी कमी केली, हे ज्या मुलाला सांगता येईल, त्याला समोरच्या तीस अँटेनांचं निम्मं काम समजलेलं असेल.