ऊस, पाऊस आणि भुतं

परीक्षा संपली की होस्टेलमध्ये एक फर्माईश हमखास येते, "ए, काहीतरी भारी हॉरर सांग ना!" मग कोणी 'कॉन्ज्युरिंग' सांगतं, कोणी 'अ‍ॅनाबेल', आणि पहाटे तीनला चौघीजणी एकाच कॉटवर झोपलेल्या सापडतात. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे क्रूस, चर्च, फादर हे सगळं ओळखीचं. पण खरं सांगू? या सिनेमांची भीती सकाळी मेसच्या पोह्यांबरोबर संपते. जी भीती आपल्याच गावच्या वाटेवर उभी असते, ती मात्र जात नाही. म्हणून या वेळी आपल्याकडचे भयपट. (विनोदी भुतं यात नाहीत. 'झपाटलेला'मधला तात्या विंचू आपला लाडका, पण त्याला घाबरायचं वय बालवाडीचं!)

सुरुवात 'लपाछपी'पासूनच करा. विशाल फुरिया यांचा हा मराठी सिनेमा २०१७ साली आला. पूजा सावंत यात आठ महिन्यांची गरोदर बाई आहे. नवऱ्यावर कर्ज झालेलं, मागे वसुलीवाले, म्हणून ते दोघं ड्रायव्हरच्या गावी एका घरात लपतात. घर कुठं, तर उसाच्या फडाच्या मधोमध. बस्स, यापुढची गोष्ट मी सांगणार नाही. पण एक गोष्ट बघा, यातली बरीचशी भीती दिवसाढवळ्या आहे. अंधार नाही, वाडा नाही, वटवाघळं नाहीत, नुसता ऊस. आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना हे समजावून सांगायला नको. पुरुषभर उंचीच्या वर गेलेल्या उसात दहा पावलं आत शिरलं की बांध कुठल्या बाजूला होता तेच कळत नाही. पाती सळसळतात आणि आत कोण आहे ते दिसत नाही. दिग्दर्शकाने तेवढंच वापरलंय. आणि उषा नाईक! त्या जेवायला वाढतात, मायेनं बोलतात, आणि तरी त्यांच्या हातचं खाऊ नये असं वाटत राहतं.

या सिनेमातलं भूत आलंय मात्र मुलगी नको म्हणणाऱ्या घरातून. इथे मला सिनेमा बाजूला ठेवून एक आकडा सांगायचाय. २०११ च्या जनगणनेत आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ० ते ६ वयाच्या दर हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या. गर्भलिंग तपासणीवर बंधन घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच केला होता, देशात सगळ्यात आधी. म्हणजे ज्या मुली वर्गात आपल्या शेजारच्या बाकावर असायला हव्या होत्या, त्यांची ही गोष्ट आहे. म्हणून तो बघताना मला भुताची भीती कमी आणि माणसांची जास्त वाटली. त्याच दिग्दर्शकाने तो २०२१ मध्ये हिंदीत 'छोरी' नावाने पुन्हा केला. तोही चांगला आहे, पण आधी मराठीच बघा.

दुसरा 'तुंबाड' (२०१८). बऱ्याच जणांनी बघितला असेल, २०२४ मध्ये तो पुन्हा थेटरात लागला तेव्हाही गर्दी झाली. भाषा हिंदी, पण माणसं, वाडा, आजी सगळं मराठी. दिग्दर्शक राही अनिल बर्वे. यातल्या आजीच्या भागामागे नारायण धारपांची 'आजी' ही कथा आहे, आणि त्या कथेमागे पुन्हा स्टीफन किंगची 'ग्रामा'! सिनेमाभर पाऊस पडतो. आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाला एवढा पाऊस बघून आधी हेवाच वाटतो, भीती नंतर.

यातला हस्तर हा देव सोन्यावर बसलाय, पण त्याला धान्य मिळत नाही. तो भुकेला आहे. त्याला भुलवायला कणकेची बाहुली न्यावी लागते. १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन दिवस काढलेले लोक आपल्या घरोघरी आहेत, त्यांच्यासोबत बसून हा सिनेमा बघितला तर 'भुकेलं भूत' म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागणार नाही. आणि विनायक पुन्हा पुन्हा त्या वाड्यात का उतरतो, ते तर आपल्याला माहितीच आहे. एकदा मिळालं की माणूस थांबतो का?

रामगोपाल वर्माचे दोन : 'रात' (१९९२) आणि 'भूत' (२००३). 'रात'मध्ये रेवतीचं काम बघा. 'भूत'मध्ये गाणी नाहीत, फक्त मुंबईतला बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट आणि आवाज. हे दोन्ही आवाजाचे सिनेमे आहेत, म्हणून थोडं इंजिनिअरिंग. माणसाला साधारण २० हर्ट्झच्या खालचं ऐकू येत नाही. इंग्लंडमध्ये विक टँडी नावाच्या इंजिनिअरला प्रयोगशाळेत राखाडी आकृती दिसायची, अंगावर काटा यायचा. शोध घेतला तर कारण निघालं नवा बसवलेला पंखा, जो १९ हर्ट्झच्या आसपास हवा हलवत होता! १९९८ साली त्याने यावर लेख लिहिला. सगळ्यांनी तो मान्य केलाय असं नाही, पण खर्जातला आवाज माणसाला अस्वस्थ करतो हे भयपटवाल्यांना चांगलं माहितीय. तो आवाज मोबाईलच्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. तेव्हा चांगले हेडफोन लावा, नाहीतर अर्धा सिनेमा तुम्ही बघितलाच नाही असं समजा.

ज्यांना रक्त बघवत नाही त्यांच्यासाठी 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६). आशा काळे, काशिनाथ घाणेकर. गाणी घरच्यांना पाठ असतील, सिनेमा मात्र आपल्या वयाच्या फार कोणी बघितलेला नाही.

आणि परदेशातला एकच सांगते, कोरियाचा 'द वेलिंग' (२०१६). खेडेगाव, साधा पोलीस, आजारी पडलेली मुलगी, मंत्रतंत्रवाला बाबा. भाषा सोडली तर वाटतं, हे आपल्याच तालुक्यात चाललंय. अडीच तासांपेक्षा मोठा आहे, सबमिशनच्या आठवड्यात लावू नका.