गडावरची जुनी पिकअप आणि उद्यमनगरातली मापे
लेखमाला : यंत्रे आणि परिसर (लेखांक ६)

देखभाल, दुरुस्ती आणि पुनर्बांधणी हे तीन शब्द जुन्या मोटारींच्या संदर्भात सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. भाग निकामी होण्याआधी घेतलेली काळजी म्हणजे देखभाल, निकामी झालेला भाग पुन्हा कामास लावणे म्हणजे दुरुस्ती, आणि गाडी पूर्ण सुटी करून, इंजिन, चाके व बॉडी ज्या पोलादी सांगाड्यावर बसतात त्या चॅसीपर्यंत पोहोचून, ती मूळ घडणीबरहुकूम पुन्हा उभी करणे म्हणजे पुनर्बांधणी. गेल्या आठवड्यातील लेखांकात कोल्हापूरच्या ऑइल इंजिनांचा विचार झाला. त्याच कारागिरीवर तगून असलेल्या, पन्हाळा परिसरातील जुन्या जीप आणि पिकअप गाड्यांच्या, म्हणजे पुढे केबिन व मागे उघडा हौदा असलेल्या हलक्या मालवाहू गाड्यांच्या जतनाचा विचार या लेखांकात केला आहे.

या गाड्यांची वंशावळ समजल्याशिवाय त्यांची दुरुस्ती समजत नाही. महिंद्रा कंपनीने अमेरिकन विलीज जीपची जुळणी १९४९ मध्ये मुंबईत माझगाव येथे सुरू केली आणि पुढे सीजे-३बी हे उंच बॉनेटचे मॉडेल भारतात अनेक दशके तयार होत राहिले. बॉनेट उंच होण्याचे कारण इंजिनात होते : सुमारे २.२ लिटरच्या या पेट्रोल इंजिनात हवा व पेट्रोलचे मिश्रण आत घेणारे व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह खालच्या ब्लॉकमध्ये असल्याने इंजिनाची उंची वाढली व तिच्यासाठी पत्रा वर उचलावा लागला. अमेरिकेत १९५६ च्या अखेरीस आलेली, चालक इंजिनाच्या वर बसतो अशा रचनेची एफसी-१५० ही पिकअपही पुढे महिंद्राने घडवली. टाटांची ४०७ ही १९८६ मध्ये आणि टाटामोबाइल ही पिकअप १९८८ मध्ये बाजारात आली. दरम्यान महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने २.१ लिटरचे डिझेल इंजिन स्वीकारले, आणि स्वस्त डिझेलच्या ओढीने अनेक जुन्या पेट्रोल जीपमध्येही नंतर डिझेल इंजिने बसवली गेली. परिणामी आज हाती येणारी जुनी गाडी बहुधा एकाच वंशाची नसते. तिचा मागचा दांडा अमेरिकन आराखड्याचा, इंजिन फ्रेंच आराखड्याचे आणि हौदा स्थानिक पत्रेकाम करणाऱ्याचा असतो.

या मिश्र वंशाचा पहिला त्रास नट-बोल्टांत दिसतो. अमेरिकन भागांचे आटे इंची मापाचे असतात, तर प्यूजो इंजिनाचे आटे मेट्रिक, म्हणजे मिलिमीटरच्या मापाचे असतात. पाच सोळांश इंची बोल्टचा व्यास सुमारे ७.९४ मिलिमीटर भरतो. आठ मिलिमीटरच्या बोल्टपासून त्याला नजरेने वेगळे ओळखणे कठीण असते. चुकीचा बोल्ट पहिला वेढा घेतोही, परंतु आट्यांमधील अंतर जुळत नसल्याने पुढे तो अडतो, आणि जोर लावला की भागाचे आटे कायमचे जातात. म्हणून सुटी केलेली गाडी बांधताना दोन्ही मापांचे पाने वेगळे ठेवणे आणि प्रत्येक बोल्ट ज्या भोकातून निघाला त्याच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवणे ही सावधगिरी अनुभवी मेस्त्री पाळतात.

पन्हाळ्याचा परिसर अशा गाडीची कसोटी दोन प्रकारे घेतो : पावसाने आणि चढाने. गड समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून अधिक उंचीवर असून कोल्हापूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. पावसाळ्यात तो आठवडेच्या आठवडे धुके आणि सततच्या सरी यांखाली असतो. वाड्या-वस्त्यांवरून दुधाचे कॅन, गुळाचे रवे, ऊस आणि वडापाची, म्हणजे माणशी भाड्याने बसवलेली, माणसे वाहिलेल्या गाड्यांच्या चॅसीच्या कोपऱ्यांत जांभ्याची तांबडी माती बसते, ओल धरून ठेवते, आणि लोखंड, पाणी व प्राणवायू यांच्या संयोगाने तेथे गंज वाढतो. गंज वरच्या रंगावर फुगवट्याच्या रूपाने दिसू लागतो तोवर आतला पत्रा बहुधा कुजलेला असतो. त्यामुळे जाणकार खरेदीदार रंग पाहत बसत नाही, तर हौद्याखालच्या आडव्या पट्ट्या, पाट्यांचे हँगर आणि चॅसीचे जोड हातोडीने ठोकून पाहतो. घट्ट लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. अशा ठिकाणी वरून नवा पत्रा चिकटवणे हा देखाव्याचा उपाय आहे. कुजका भाग कापून, सांधा स्वच्छ करून, तितक्याच जाडीचा पत्रा वेल्ड करणे आणि बंद पोकळ्यांतून पाणी निघून जाण्याची भोके मोकळी ठेवणे हा टिकाऊ उपाय होय.

चढापेक्षा उतार अधिक धोक्याचा असतो. जुन्या जीपच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत, म्हणजे फिरणाऱ्या लोखंडी डब्याच्या आतल्या बाजूला लायनर दाबून चाक थांबवले जाई. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून धरला तर ड्रम तापतो आणि लायनरची पकड कमी होते. शिवाय या गाड्यांत पेडलच्या दाबाने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर एकेरी असतो, त्यामुळे चारांपैकी एका चाकाची नळी फुटली तरी चारही ब्रेक एकदम जातात. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते, ओल मिसळली की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि तापलेल्या सिलिंडरात वाफ झाल्यास पेडल पोकळ बसते. गडावरच्या दमट हवेत ही प्रक्रिया अधिकच वेगाने होत असल्याने दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल पूर्ण बदलणे आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या रोधावर गाडी उतरवणे, हे दोन नियम कोणत्याही रंगकामाआधीचे आहेत.

पेट्रोल इंजिन कायम ठेवलेल्या गाडीपुढे अलीकडे एक वेगळाच प्रश्न उभा आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण आता वीस टक्क्यांपर्यंत आले आहे. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटरमधील पडदे फुगवते किंवा ठिसूळ करते आणि ओलही ओढून घेते. ज्या जिल्ह्यातील ऊस इथेनॉलच्या कारखान्यांना जातो, त्याच जिल्ह्यात जुन्या जीपच्या नळ्या त्यामुळे गळाव्यात, हा योगायोग हौशी मालकांच्या चर्चेत वारंवार येतो. त्यावर उपाय साधा आहे : इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या व पडदे बसवणे आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असल्यास टाकीत जुने पेट्रोल न ठेवणे.

सुटे भाग मिळेनासे झाले की दुरुस्तीचा भार कोल्हापूर शहरावर येतो. शिवाजी उद्यमनगरातील लेथ, बोअरिंग व क्रँक ग्राइंडिंगची दुकाने आणि शिरोली व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्र्या यांच्यामुळे येथे जुना ब्रेक ड्रम किंवा पाण्याच्या पंपाची बॉडी नव्याने ओतून घेता येते. या ओतकामात एक बारकावा आहे. जुना भागच वाळूत दाबून साचा केला तर नवा भाग मापाला लहान येतो, कारण करडे ओतीव लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आक्रसते. दोनशे मिलिमीटरच्या भागात ही तूट दोन मिलिमीटरची होते, आणि शिवाय लेथवर तासण्यासाठीही धातू शिल्लक ठेवावा लागतो. म्हणून पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा लाकडी नमुना, मूळ भागापेक्षा हिशेबाने मोठा करावा लागतो. त्याचबरोबर काय ओतायचे नाही, याचेही ज्ञान तितकेच मोलाचे आहे : स्टिअरिंगचे आर्म आणि तत्सम भाग मुळात घडीव पोलादाचे, म्हणजे तापवून ठोकून केलेले असतात, आणि त्यांच्या जागी ओतीव लोखंडाची नक्कल बसवणे म्हणजे झटक्याने तुटू शकणाऱ्या भागावर माणसांचे प्राण सोपवणे होय.

यामुळेच जुन्या पिकअपची पुनर्बांधणी एकट्याच्याने होत नाही. एकाकडे मूळ गाडीचा जुना गिअरबॉक्स असतो, दुसऱ्याकडे वापरलेल्या ड्रमचे माप असते, तिसऱ्याला कोणत्या दुकानात डिझेल फवारणारे नोझल तपासून मिळते हे ठाऊक असते. अशा हौशी मालकांची भांगलणीच्या पैऱ्यासारखी, आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे अशी देवाणघेवाण चालते. कोल्हापुरात जुन्या मोटारीविषयीचा आदर तसा नवा नाही : छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील मायबाख मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात आजही रस्त्यावर येते. फरक इतकाच की मायबाखच्या मागे राजघराण्याची परंपरा उभी आहे, आणि दूधवाल्या पिकअपच्या मागे केवळ तिला ओळखणारी माणसे.

कायद्यानेही या दोन प्रकारांत भेद केला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि मोठे फेरफार न झालेल्या दुचाकी व प्रवासी चारचाकी यांना विंटेज वाहन म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून अशा वाहनाचा व्यावसायिक वापर करता येत नाही. मालवाहू पिकअपला या चौकटीत जागा नाही. तिला आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. इंजिन किंवा बॉडी बदललेल्या गाडीची अडचण त्याहून मोठी आहे, कारण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा स्पष्ट केली आहे. त्यामुळे पुनर्बांधणीस हात घालण्यापूर्वी नोंदणी पुस्तकातील इंजिन क्रमांक, चॅसी क्रमांक आणि बॉडीचा प्रकार प्रत्यक्ष गाडीशी ताडून पाहणे हे पहिले काम ठरते.

जुलै २०२५ मध्ये पन्हाळ्यासह बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. वारशाच्या जतनाचा एक मूलभूत दंडक असा की हात लावण्यापूर्वी वस्तू जशी आहे तशी मोजून, टिपून ठेवावी. तो दंडक पायथ्याच्या गॅरेजांनाही लागू पडतो. गाड्या टिकतील तेव्हा टिकतील. परंतु उद्यमनगरातील ज्या वृद्ध मेस्त्रींच्या डोक्यात ड्रमचे व्यास, व्हॉल्व्हचे गॅप आणि पॅटर्नचे हिशेब आहेत, त्यांची मापे कोठेही लिहिलेली नाहीत. ज्याच्या दारात अशी एखादी जुनी पिकअप उभी असेल त्याने पाना हाती घेण्यापूर्वी एक वही घ्यावी, आणि पहिल्या पानावर मेस्त्रींकडून विचारून घेतलेले माप लिहावे.