लेखांक ७ : ‘फ्री’ लिहिलं, पण गळती थांबली का?

डिबगरमधली मेमरीची गळती बरेच दिवस लपून राहते. जीडीबी हा डिबगर उघडला, एका क्रॅशचं कारण शोधलं आणि बंद केला, तर ऑपरेटिंग सिस्टिम सगळी मेमरी परत घेते. कुणाला पत्ताही लागत नाही. पण तोच जीडीबी एडिटरच्या मागे दिवसभर चालू असला, की दर ब्रेकपॉइंटला तीच फंक्शनं पुन्हा पुन्हा चालतात आणि दर वेळी सांडलेले थोडे थोडे बाइट साठत जातात.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला हा डिबगर मूळचा सी भाषेतला, आता सी++ मधला. २००९ च्या ७.० आवृत्तीत त्याला पायथनची जोड मिळाली आणि गळतीला एक नवी वाट फुटली. पायथनच्या प्रत्येक ऑब्जेक्टसोबत एक आकडा असतो : त्यावर सध्या किती जणांचा हक्क आहे. आकडा शून्यावर आला की मेमरी मोकळी. पायथनमध्ये लिहिताना हा हिशेब आपोआप होतो; सी++ मधून मात्र तो आपणच ठेवायचा.

समजा, एक फंक्शन नावांची यादी बनवतं. नाव तयार झालं : आकडा एक. ‘पायलिस्ट_अपेंड’ने ते यादीत घातलं, यादी स्वतःचा वेगळा हक्क नोंदवते : आकडा दोन. फंक्शन आपला हक्क न सोडताच संपलं. पुढे यादी गेली तरी आकडा एकावरच अडतो आणि नाव मेमरीत पडून राहतं.

यावर एका ओळीचा पॅच येतो : अपेंडनंतर ‘पाय_डेकरेफ’, म्हणजे आपला हक्क सोडून आकडा एकानं कमी करणं. बरोबर दिसतो, आणि रिव्ह्यू करणाऱ्यानं थांबायचं ते इथेच. अपेंड फसलं तर? ते उणे एक परत करतं, फंक्शन तिथूनच बाहेर पडतं आणि नवी ओळ चालतच नाही. म्हणून नाव जीडीबीच्या ‘जीडीबीपाय_रेफ’ या सी++ क्लासमध्ये ठेवलेलं उत्तम. फंक्शन कुठूनही संपो, अगदी मध्येच एक्सेप्शन आलं तरी, त्याचा डिस्ट्रक्टर हक्क सोडतोच.

आता शेजारच्या फंक्शनकडे बघा. तिथे ‘पायलिस्ट_सेटआयटम’ असेल, तर ते आपला हक्क स्वतःकडेच घेतं. तिथेही तीच ओळ डकवली, तर यादीत असलेलं नाव मेमरीतून निघून जातं आणि पुढे कधीतरी यादी वाचताना जीडीबी कोसळतो. माझ्या मते ही दुरुस्ती मूळ गळतीपेक्षा वाईट. गळतीनं डिबगर जड होतो. या दुरुस्तीमुळे तो भलत्याच जागी मरतो आणि वापरणारा बिचारा स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

पुरावाही मागावा. गळती शोधणारं व्हॅलग्रिंड चालवलं एवढ्यानं भागत नाही, कारण ५१२ बाइटपर्यंतचे तुकडे पायथन स्वतःच्या साठ्यातून देतो आणि ते व्हॅलग्रिंडला सुटे दिसत नाहीत. पायथन ३.६ पासून ‘पायथनमॅलॉक’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘मॅलॉक’ केला की ही अडचण सुटते. मग ते फंक्शन वापरणारी जीडीबीची कमांड एकदा आणि हजारदा चालवून गळलेल्या बाइटचे दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत.

पॅच पाठवणाऱ्यांना एक विनंती. वर्णनात ‘लीक काढला’ एवढंच लिहू नका. हक्क कुणाचा होता आणि तो कोणत्या ओळीवर सुटायला हवा होता, हे दोन वाक्यांत लिहा. रिव्ह्यू करणारा सगळ्यात आधी तेच शोधत असतो.