अनोळखी सर्किट बोर्डाचे वाचन

सर्किट बोर्ड ही काचतंतूंचे कापड आणि राळ यांपासून बनवलेली, विजेला अटकाव करणारी पाटी असते. तिच्यावर तांब्याच्या पातळ रेघा उमटवलेल्या असतात, त्या रेघांवर डाख देऊन सुटे भाग बसवलेले असतात आणि एरवी तारांनी केले असते ते जोडणीचे काम या रेघाच करतात. यंत्र मोडीत निघाले की त्याचे कवच, मोटार आणि तारा वजनावर विकल्या जातात. बोर्ड मात्र पुष्कळदा अखंड उरतो आणि जुन्या बाजारातल्या ढिगात येऊन पडतो. त्यावर यंत्राचे नाव क्वचितच सापडते, कारण घडवणाऱ्याला ते लिहिण्याची गरजच नव्हती: बोर्ड यंत्राच्या पोटात राहणार होता आणि दुरुस्तीला येणाऱ्याच्या हाती नकाशा असणार होता. अशा निनावी बोर्डाचे मूळ काम ओळखण्याची जी विद्या आहे, तिचा पहिला नियम डोळ्यांच्या स्वाभाविक ओढीच्या उलट जातो. नजर मधल्या सर्वांत मोठ्या चिपकडे वळते. बोर्डाचा हेतू मात्र बहुधा त्याच्या कडांवर लिहिलेला असतो.

याचे कारण असे की मधली चिप, म्हणजे एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर अनेक ट्रान्झिस्टर असलेली आयसी, बहुतेक वेळा सर्वसाधारण कामाची असते. इंटेलने १९८० मध्ये आणलेल्या ८०५१ या नियंत्रक चिपच्या कुळातील आयसी वजनकाट्यापासून उद्वाहनापर्यंत कशातही सापडू शकते, त्यामुळे तिचे नाव कळल्याने बोर्ड हिशेब कसा करत होता एवढेच समजते, कशाचा करत होता ते समजत नाही. कडेला मात्र बोर्डाचा बाहेरच्या जगाशी संबंध येतो, आणि तिथले भाग त्या संबंधाला साजेसेच निवडावे लागतात. एकाच घडणीच्या आठ किंवा सोळा ओळी, प्रत्येकीच्या टोकाला स्क्रूने तार आवळण्याची जागा आणि तिच्याआड ऑप्टोकपलर, म्हणजे दोन बाजूंमध्ये विजेची जोडणी न ठेवता प्रकाशाच्या साहाय्याने इशारा पलीकडे पोचवणारा भाग, अशी रचना दिसली तर तो बोर्ड कारखान्यातल्या नियंत्रण कपाटातला असण्याची शक्यता मोठी असते. त्याच ठिकाणी २५० ओहमचे अचूक रोधक असले तर ती शक्यता आणखी बळावते, कारण कारखान्यातली तापमान व दाब मोजणारी साधने आपले माप ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहाच्या रूपाने पाठवतात आणि २५० ओहममधून जाताना त्या प्रवाहाचे १ ते ५ व्होल्ट होतात. यूएलएन २००३ ही सात ट्रान्झिस्टर-जोड्यांची चिप कडेजवळ असेल, तर पलीकडे रिले, छोटी मोटार किंवा छपाईयंत्राची सुई यांसारखे जास्त प्रवाह मागणारे काही तरी होते असे धरावे. पाटीतच आरपार कापलेली लांबट फट दिसली, तर तिच्या एका बाजूस घरगुती विजेचा दाब आणि दुसऱ्या बाजूस हात लावण्याजोगा कमी दाब होता हे जवळजवळ निश्चित होते.

आकडे वाचताना मोठी सावधगिरी लागते. पाटीवर ठळक छापलेले ‘९४व्ही-०’ हे अक्षरचिन्ह पाहून अनेक जण त्यालाच बोर्डाचा क्रमांक समजतात. प्रत्यक्षात ती अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या चाचणीसंस्थेच्या मानकातली, पाटीचे द्रव्य पेट घेतल्यावर किती लवकर विझते हे सांगणारी श्रेणी आहे आणि ती असंख्य बोर्डांवर असते. आयसीच्या पाठीवर सहसा दोन आकडे असतात: एक तिचा प्रकार आणि दुसरा निर्मितीचा काळ. ‘८४२३’ म्हणजे १९८४ सालाचा तेविसावा आठवडा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ७४०० मालिकेमुळे मात्र इथे घोटाळा होतो, कारण ‘७४३२’ हा चार ‘ऑर’ तर्कद्वारे असलेल्या आयसीचा प्रकारही असू शकतो आणि १९७४ च्या बत्तिसाव्या आठवड्याची तारीखही. ‘७४८६’ ही तारीख असूच शकत नाही, कारण वर्षात तेवढे आठवडे नसतात. सर्व तारखा नोंदवल्या की त्यांतली सर्वांत अलीकडची महत्त्वाची ठरते, कारण बोर्ड तिच्याआधी तयार झालेला असणे शक्य नाही. उत्खननात एखाद्या थरात सापडलेल्या नाण्यावरून त्या थराचा काळ ठरवताना पुरातत्त्वज्ञ हाच न्याय लावतात. ७४ ऐवजी ५४ ने सुरू होणारे आकडे, चिनी मातीची किंवा धातूची वेष्टने आणि सबंध पाटीवर दिलेला पारदर्शक लेप अशा खुणा एकत्र आल्या, तर लष्करी किंवा वैमानिक उपयोगाचा विचार करावा लागतो, कारण ५४ मालिका उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअसपर्यंत चालण्यासाठी बनवली जात असे, तर साधी ७४ मालिका ० ते ७० अंशांपुरती. सोव्हिएत बनावटीच्या चिपवरची लिपी वेगळी असली तरी ओळख अशक्य नसते. ‘के१५५एलए३’ ही कामाने ७४०० चीच बहीण आहे.

सर्वांत बोलका भाग म्हणजे क्रिस्टल, अर्थात ठरलेल्या गतीने कंप पावून सगळ्या बोर्डाला ताल देणारा, धातूच्या डबीतला स्फटिक. त्यावरचा आकडा मनमानी नसतो. ३२,७६८ हर्ट्झ ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर १ उरते, म्हणजे सेकंदाला एक ठोका मिळतो. तिथे घड्याळ असणारच. ११.०५९२ मेगाहर्ट्झ हा ओबडधोबड दिसणारा आकडा ८०५१ जवळ असला, तर बोर्ड दुसऱ्या यंत्राशी तारेवरून बोलत होता असे मानायला जागा आहे, कारण त्याला ठरावीक पूर्णांकांनी भागले की सेकंदाला ९६०० बिटांचा रूढ वेग नेमका हाती येतो. ४.४३३६१९ मेगाहर्ट्झ ही भारतातही वापरल्या गेलेल्या पाल पद्धतीच्या रंगीत दूरचित्रवाणीची खूण आहे. ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ ही अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीची. पण हा स्फटिक भरपूर आणि स्वस्त मिळू लागल्यामुळे दूरध्वनीच्या बटनांचे सूर ओळखणाऱ्या चिपांनीही तोच स्वीकारला. तेव्हा तो दिसताच दूरचित्रवाणीचा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. कडेला दूरध्वनीच्या तारेसाठी असलेला छोटा ट्रान्सफॉर्मर आहे का, हे आधी पाहिले पाहिजे. एकटी खूण एकट्या साक्षीदारासारखी असते. तिला दुसरीचा दुजोरा लागतो.

यानंतर बहुमापी, म्हणजे मल्टिमीटर, हाती घ्यायचा, तोही वीज न देता. ७४०० मालिकेतील चौदा पायांच्या बहुतेक आयसींमध्ये सातवा पाय ऋण टोकाला आणि चौदावा ५ व्होल्टला जोडलेला असतो. या दोन पायांपासून कडेपर्यंत सलग जोडणी कुठे आहे ते तपासले की जोडणीपट्टीवरच्या वीज आत येण्याच्या जागा सापडतात, आणि तिथून इतर रेघांचा माग काढता येतो. काम न ओळखता अंदाजाने वीज देणे हा या विद्येतला सर्वांत महागडा अपराध आहे, कारण ध्रुव उलटे लागले तर क्षणात बोर्डासह त्याची साक्षही जळते. मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यानंतरही भार साठून राहू शकतो, म्हणून नुकत्याच काढलेल्या बोर्डाला हात लावण्यापूर्वी तो भार रोधकातून उतरवणे आवश्यक असते.

काचेसारखी गोल खिडकी असलेली आयसी सापडली तर शोधाला नवे वळण मिळते. ही ईप्रॉम, म्हणजे अतिनील किरणांनी पुसता येणारी स्मृती; ती १९७१ मध्ये इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी विकसित केली. तिच्यातला मजकूर वाचनयंत्राने उतरवून घेतला की आज्ञांच्या गर्दीत माणसाने वाचायची वाक्ये सापडू शकतात: पडद्यावर उमटणाऱ्या सूचना, चुकांचे इशारे, क्वचित बनवणाऱ्याचे नावही. खिडकीवरची चिकटपट्टी मात्र कुतूहलापोटी काढून ठेवू नये. थेट उन्हात साधारण आठवड्याभरात आणि खोलीतल्या ट्यूबलाइटखाली सुमारे तीन वर्षांत हा मजकूर पुसला जातो.

तरीही ‘काम’ या शब्दाचे दोन अर्थ असतात, आणि त्यांतला दुसरा अर्थ बोर्डावर नसतोच. आयबीएमने १९५० च्या दशकाच्या अखेरीस एसएमएस नावाची छोटी कार्डे वापरात आणली. सुमारे अडीच इंच रुंद आणि साडेचार इंच लांब अशा या कार्डांना सोन्याचा मुलामा दिलेली सोळा टोके असत, आणि १९५९ मध्ये जाहीर झालेला १४०१ हा संगणक अशा कार्डांनीच भरलेला होता. हा संगणक पुढे भारतातही आला. प्रत्येक कार्डावर त्याचा प्रकार सांगणारी अक्षरे असत, त्यामुळे ते तर्कद्वार आहे की प्रवर्धक, हे आजही यादीवरून कळते. पण एकाच प्रकारचे कार्ड त्या संगणकात अनेक खोबणींत बसत असे, आणि एका खोबणीत ते बेरजेत भाग घेई तर दुसऱ्या खोबणीत तेच छपाईयंत्राला इशारा देई. कोणत्या खोबणीत कोणते कार्ड आणि त्याची कोणती तार कुठे, हे आयबीएमच्या जाडजूड तर्क-आराखड्यांत नोंदलेले असे. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील संगणक इतिहास संग्रहालयात स्वयंसेवकांनी दोन १४०१ पुन्हा चालू केले, तेव्हा जुन्या कार्डांइतकाच आधार त्यांना या कागदांचा होता.

भंगारातल्या बोर्डाची खरी हानी यामुळेच बाजारात पोचण्याआधी झालेली असते. तांब्यासाठी तारा टोकाशीच कापल्या जातात, त्यांचे रंग आणि त्यांवरचे क्रमांक जातात, शेजारचे बोर्ड दुसऱ्या पोत्यात पडतात, आणि सांगाड्यावरची लोखंडी पट्टी, जिच्यावर यंत्राचे नाव असते, ती सर्वांत आधी वितळायला जाते. बोर्ड विकत घेणाऱ्याने त्या क्षणी विक्रेत्याला तो कोणत्या यंत्रातून निघाला, त्या पोत्यात सोबत काय होते आणि तुटलेल्या तारांचे तुकडे कुठे आहेत हे विचारून लिहून ठेवले, तर घरी नेऊन रात्र रात्र आयसींचे क्रमांक शोधूनही जे मिळाले नसते, ते पुष्कळदा त्या दोन ओळींत मिळते.