बेताच्या पैशांतील खेळ-संगणक किती वर्षें पुरतो?



मुलाला खेळांसाठीं संगणक हवा आहे. बेताच्या पैशांत जुळविला तर किती वर्षें पुरेल, असा प्रश्न हल्लीं पुष्कळ गृहस्थ विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु त्यांत एक गैरसमज दडलेला असतो. शिवणयंत्र वापरानें झिजतें, तसा संगणक फारसा झिजत नाहीं. आठ वर्षांपूर्वीं जो हिशेब तो करीत असे, तोच त्याच वेगानें तो आजहि करतो. वाढते ती खेळांची मागणी. विद्यार्थ्याची बुद्धि तीच राहावी आणि इयत्ता मात्र वर चढत जावी, अशांतला हा प्रकार आहे.

ही मागणी टप्प्यांनीं वाढते, आणि ते टप्पे बव्हंशीं दूरचित्रवाणीला जोडावयाचीं खेळयंत्रें ठरवितात. कारण मोठे खेळ रचणारे प्रथम त्यांच्याकडे पाहतात. प्लेस्टेशन ४ नोव्हेंबर २०१३ मध्यें निघालें, तेव्हां त्यांत ८ गिगाबाइट मेमरी होती. नोव्हेंबर २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्यें ती दुप्पट झाली आणि फिरत्या तबकडीच्या जागीं चपळ एसएसडी आली. तरी जुन्या यंत्रासाठींहि खेळ निघतच राहिले. त्यामुळें नव्या टप्प्याचा भार खरोखर जाणवूं लागला तो २०२३ च्या सुमारास.

माझ्या धाकट्या मुलानें २०१७ मध्यें जुळविलेला संगणक मीं जवळून पाहिला आहे. निम्मे पैसे माझे असल्यामुळें जरा अधिकच जवळून. रायझन ५ १६०० हा प्रोसेसर, ८ गिगाबाइट मेमरी आणि जीटीएक्स १०६० हें ग्राफिक्स कार्ड. हें कार्ड दोन प्रकारांत मिळे. २०१६ मध्यें तें निघालें तेव्हां अमेरिकेंत ३ गिगाबाइटच्या कार्डाची किंमत १९९ डॉलर होती आणि ६ गिगाबाइटच्या कार्डाची २४९. मीं अर्थातच स्वस्ताचा आग्रह धरला. मुलानें ऐकलें नाहीं, आणि त्याचेंच खरें ठरलें. संगणकाची मेमरी मागाहून वाढवितां येते. कार्डावरची येत नाहीं, आणि खेळांतील चित्रांचा सारा पसारा तिच्यांतच मांडावा लागतो.

पडद्याचाहि विचार हवा. नेहमींच्या १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात, आणि हालचाल सुरळीत दिसावयाची तर सेकंदास ६० चित्रें, म्हणजे दर चित्रास सुमारें १७ सहस्रांश सेकंद, एवढाच अवकाश कार्डास मिळतो. ‘फोर-के’ पडद्यावर ठिपके चौपट होतात. बेताच्या संगणकास असला पडदा जोडूं नये.

पहिलीं चार वर्षें कांहीं तक्रार नव्हती. २०२१ मध्यें आणखी ८ गिगाबाइट मेमरी व एसएसडी घातली. पुढें सावल्या, दूरचें गवत, पाण्यांतील प्रतिबिंबें यांची प्रत उतरवीत उतरवीत आणखी तीन वर्षें गेलीं. डिसेंबर २०२४ मध्यें इंडियाना जोन्सचा नवा खेळ आला. त्यास प्रकाशकिरणांचा माग काढणारी रचना कार्डांतच असावी लागते. १०६० मध्यें ती नाहीं. तेथें तडजोडीस वावच नव्हता. मंद चालणें आणि मुळींच न चालणें यांत केवढें अंतर आहे, तें त्या दिवशीं मुलाच्या चेहऱ्यावर दिसलें. ऑक्टोबर २०२५ मध्यें विंडोज १० चा नेहमींचा आधार संपला. विंडोज ११ च्या मान्य प्रोसेसरांत पहिल्या पिढींतील रायझन ५ १६०० नाहीं. त्याच महिन्यांत १०६० च्या पिढीस नव्या खेळांसाठीं सुधारित ड्रायव्हर देणेंहि एनव्हिडियानें थांबविलें. सुरक्षेपुरतीं दुरुस्ती मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळावयाची आहे.

तेव्हां माझा हिशेब असा: चांगल्या प्रतीचीं चार वर्षें, तडजोडीचीं आणखी तीन-चार. डोटा २ सारखे जुने लोकप्रिय खेळच खेळणाऱ्यास याहूनहि अधिक.

त्याच्या बोर्डाचें सॉकेट ‘एएम-४’ होतें, हें सुदैव. बोर्डाचें बायोस अद्ययावत करतांच २०२२ चा रायझन ५ ५६०० त्यांतच बसला. पेटी, बोर्ड आणि वीजपुरवठा जुनाच राहिला. कार्ड तेवढें नवें घ्यावें लागलें. जुनें १०६० त्यानें शेजारच्या मुलाला दिलें. तो रोज संध्याकाळीं त्यावर डोटा खेळतो.